अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची पात्रता नेमकी तपासतं कोण?

२००८ साली न्यू जर्सीतल्या मतदारांच्या हाती राष्ट्राध्यक्षपदाची मतपत्रिका पडली, तेव्हा तिच्यावर ओबामा आणि मॅकेन यांच्याबरोबर रोहेर कालेरो हेही नाव छापलेलं होतं. सोशलिस्ट वर्कर्स पार्टीचे हे उमेदवार जन्माने निकाराग्वाचे. अमेरिकेत ते ग्रीन कार्डावर राहत होते, म्हणजे तिथले नागरिकसुद्धा नव्हते. निवडून आले असते तरी त्यांना त्या खुर्चीवर बसता आलं नसतं. काही राज्यांनी त्यांचं नाव घ्यायला नकार दिला, तिथे पक्षाने जेम्स हॅरिस हे दुसरं नाव दिलं. एकच निवडणूक, एकच पक्ष आणि उमेदवार मात्र राज्यागणिक वेगळा.

कालेरो यांना मिळालेली मतं नगण्य होती, त्यामुळे कुणाला फारसा फरक पडला नाही. पण प्रश्न उरतोच. जगातल्या सर्वांत ताकदवान पदासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाची कागदपत्रं कुणीतरी एकदा नीट बघत असेल ना? सरळ उत्तर असं की ही जबाबदारी अमेरिकेच्या राज्यघटनेने कुणाच्याच अंगावर टाकलेली नाही. ती पाच-सहा जणांत विखुरली आहे. लग्नाच्या वऱ्हाडात दागिन्यांचा डबा दुसऱ्या कुणाकडे तरी असेल असं प्रत्येकाला वाटत असतं, तसं तिथे चाललेलं असतं.

आधी अटी पाहू. घटनेच्या दुसऱ्या कलमात तीन अटी आहेत. उमेदवार अमेरिकेचा जन्मतः नागरिक हवा, वय किमान ३५ हवं आणि त्याने अमेरिकेत १४ वर्षं वास्तव्य केलेलं हवं. पुढे घटनादुरुस्त्यांनी आणखी बंधनं घातली. यादवी युद्धानंतर, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या भागाने असं ठरवलं की घटनेशी निष्ठेची शपथ घेऊन अधिकारपदावर बसलेल्या माणसाने नंतर बंडात भाग घेतला तर त्याला पुन्हा पद नाही. १९५१ च्या बाविसाव्या दुरुस्तीने कुणालाही दोनपेक्षा जास्त वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येण्याची बंदी केली. यातल्या वय आणि वास्तव्याच्या अटी कागदावरून तपासता येतात. 'जन्मतः नागरिक' आणि 'बंडात भाग' या दोन ठिकाणी मात्र मोठी भांडणं झाली आहेत.

आपल्या डोक्यात निवडणुकीचं चित्र भारतातलं असतं, म्हणून इथला फरक सांगतो. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत लोकसभेचे किंवा राज्यसभेचे महासचिव आळीपाळीने निर्वाचन अधिकारी असतात. अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, मतदार यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. मग ठरलेल्या दिवशी छाननी होते. २०१२ मध्ये पी. ए. संगमा यांनी प्रणव मुखर्जींच्या अर्जावर हरकत घेतली. मुखर्जी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष आहेत, ते लाभाचं पद आहे, म्हणून अर्ज बाद करा, असं त्यांचं म्हणणं होतं. निर्वाचन अधिकारी व्ही. के. अग्निहोत्री यांनी दोन्ही बाजू ऐकून हरकत फेटाळली. निवडणुकीनंतर संगमा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१२ मध्ये तिथेही तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. निकाल पटो न पटो, हरकत कुठे घ्यायची, ती कोण ऐकणार आणि त्यावर दाद कुठे मागायची हे सगळं आधीपासून लिहिलेलं होतं. प्रतिभाताई पाटील यांचा २००७ चा अर्जही याच वाटेने गेला.

अमेरिकेत ही छाननीची खिडकी शोधायला निघालं की आधी नजर जाते फेडरल इलेक्शन कमिशनकडे. नाव आपल्या निवडणूक आयोगासारखं आहे, काम मात्र वेगळं. वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७४ च्या कायद्याने उभा राहिलेला हा आयोग निवडणुकीतला पैसा बघतो. देणग्या किती घेतल्या, कुणाकडून घेतल्या, हिशेब दिला का, इतकंच. मतपत्रिका त्याच्या ताब्यात नाही. गयानात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले वकील अब्दुल करीम हसन यांनी २०११ मध्ये या आयोगाला रीतसर विचारलं, की मला २०१२ ची निवडणूक लढवायची आहे, तर माझं काय? आयोगाने सांगितलं, देणग्या गोळा करा, नियमाप्रमाणे हिशेब भरा. मात्र प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या, प्रचारासाठी सरकार देणग्यांच्या जोडीला जो निधी देतं तो तुम्हाला मिळणार नाही, कारण तुम्ही पदासाठी पात्र नाही. म्हणजे उमेदवार अपात्र आहे हे आयोगाला ठाऊक होतं, तसं त्याने लिहूनही दिलं, पण त्याला रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

मग रोखणार कोण? इथे अमेरिकेच्या निवडणुकीची एक मूळ गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तिथे देशभरची एक अशी निवडणूक नसतेच. पन्नास राज्यं आणि राजधानीचा जिल्हा अशा एकावन्न निवडणुका एकाच दिवशी होतात. मतदार मत देतो ते आपल्या राज्याच्या इलेक्टर मंडळींना. असे ५३८ इलेक्टर मिळून राष्ट्राध्यक्ष निवडतात. इलेक्टर कसे नेमायचे हे प्रत्येक राज्याचं विधिमंडळ ठरवतं. त्यामुळे कुणाचं नाव छापायचं याचे नियमही राज्याचे. बहुतेक राज्यांत हे काम तिथले सेक्रेटरी ऑफ स्टेट पाहतात. वॉशिंग्टनमध्ये याच नावाचं जे पद आहे ते परराष्ट्रमंत्र्याचं, त्याच्याशी याची गल्लत करू नये. राज्यातला हा अधिकारी आपल्याकडच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या जवळ जाणारा. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की बहुतेक राज्यांत तो स्वतः पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला असतो.

या अधिकाऱ्याने पात्रता तपासावी का? तपासलीच पाहिजे का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि कॅलिफोर्नियात एकाच अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत दोन्हींची उत्तरं मिळाली.

डेब्रा बोवेन २००७ ते २०१५ या काळात कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट होत्या. २००८ ची निवडणूक झाल्यावर, ओबामांच्या विरोधात उभे असलेले ॲलन कीज यांनी त्यांच्यावर खटला भरला. ओबामा अमेरिकेत जन्मल्याचे पुरावे न बघता तुम्ही त्यांचं नाव छापलंत, हा तुमचा कर्तव्यात कसूर आहे, असा दावा होता. २०१० मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. न्यायालयाचं म्हणणं असं, की असं कर्तव्य कायद्यात कुठे लिहिलेलंच नाही. मोठ्या पक्षाने उमेदवार दिला की त्याचं नाव छापायचं. पन्नास राज्यांतले पन्नास अधिकारी आपापल्या परीने पात्रता ठरवू लागले तर गोंधळ माजेल. पक्षाने आपला उमेदवार पारखून घेतला असेल असं धरून चालायचं आणि शेवटी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, आहेच.

दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, पीस अँड फ्रीडम पार्टीच्या प्रायमरीसाठी पेटा लिंडसे यांचं नाव आलं. वय २७. त्यांनी ते लपवलंही नव्हतं. बोवेन यांनी नाव मतपत्रिकेवरून काढून टाकलं. लिंडसे न्यायालयात गेल्या. २०१४ मध्ये संघराज्याच्या नवव्या सर्किट न्यायालयाने, म्हणजे प्रादेशिक अपील न्यायालयाने, बोवेन यांची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती कोझिन्स्की यांनी लिहिलं की वय कमी असल्याचं उमेदवार स्वतः कबूल करत असतानाही नाव छापावंच लागेल असं म्हटलं, तर वय, नागरिकत्व काहीही असलेला कुणीही माणूस मतपत्रिकेवर जागा मागेल आणि मतदाराचा गोंधळ उडेल.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कायद्याची स्थिती कळते. राज्याला अपात्र उमेदवार वगळण्याची मुभा आहे, पण तपासण्याची सक्ती नाही. निदान कॅलिफोर्नियात तरी तपास तेव्हाच झाला जेव्हा अपात्रता उघड, कबूल केलेली होती. याच राज्यात १९६८ मध्ये ३३ वर्षांच्या एल्ड्रिज क्लीव्हर यांचं नावही असंच वगळलं गेलं होतं. तिथेही वयाबद्दल वाद नव्हता.

वर ज्या हसन यांचा उल्लेख आला, त्यांनी कोलोरॅडो राज्यातही प्रयत्न केला होता. तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटने नकार दिला आणि २०१२ मध्ये दहाव्या सर्किट न्यायालयाने तो नकार वैध ठरवला. जो माणूस पद धारणच करू शकत नाही त्याला मतपत्रिकेबाहेर ठेवण्यात राज्याचा रास्त हितसंबंध आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते नील गोर्सच. ते पुढे ट्रम्प यांच्या नेमणुकीने सर्वोच्च न्यायालयात गेले. अकरा वर्षांनी हाच उतारा ट्रम्प यांच्याच विरोधात वापरला गेला, त्याकडे पुढे येतो.

काही राज्यं उमेदवाराकडून लिहून घेतात. न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीला उभं राहायचं तर १००० डॉलर शुल्क आणि एक अर्ज लागतो. घटनेतल्या अटींनुसार मी पात्र आहे असं त्या अर्जात शपथेवर सांगावं लागतं. खोटं निघालं तर खोट्या शपथेचा गुन्हा. २०२३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून उमेदवारीसाठी उतरलेले, इस्तंबूलमध्ये जन्मलेले जेंक उइगुर याच अर्जावर अडले. त्यांना जन्मतः नागरिकत्वाचा मजकूर मान्य नव्हता. न्यू हॅम्पशायरने अर्ज घेतला नाही. दुसऱ्या काही राज्यांत मात्र त्यांचं नाव प्रायमरीच्या मतपत्रिकेवर छापलं गेलं.

हवाई राज्याचा नियम मला जास्त शहाणपणाचा वाटतो. तिथे पक्षालाच शपथेवर लिहून द्यावं लागतं की आमचा उमेदवार अमेरिकेच्या घटनेनुसार पदासाठी पात्र आहे. बऱ्याच राज्यांत पक्षाने 'अमुक यांना आम्ही रीतसर उमेदवारी दिली आहे' एवढंच कळवलं तरी चालतं. पात्रतेबद्दल त्यात अवाक्षर नसलं तरी हरकत नसते. कीज खटल्यात न्यायालयाने जे गृहीत धरलं, की पक्षाने पारखून घेतलं असेल, त्याला हवाईसारख्या राज्यांत निदान कागदाचा आधार आहे. इतरत्र तो नुसता विश्वास आहे. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की मोठ्या पक्षाला आपल्या प्रायमरीत अपात्र माणसाचं नाव देण्यापासून रोखणारा कायदा आमच्या राज्यात नाही.

आता जन्मतः नागरिकत्वाकडे वळू. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय निघतोच. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये जन्मलेली मुलगी उद्या राष्ट्राध्यक्ष होऊ शकते. तिचे पुण्याहून गेलेले, तीस वर्षं तिथे कर भरणारे, नागरिकत्वाची शपथ घेतलेले आई-वडील होऊ शकत नाहीत. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत जन्मलेले श्री ठाणेदार हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. ते १९८८ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले आणि २०२३ पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत. प्रतिनिधिगृहासाठी सात वर्षांचं नागरिकत्व पुरतं. राष्ट्राध्यक्षपदाचं दार त्यांना कायमचं बंद आहे.

ठाणेदारांचं उदाहरण आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. काँग्रेसच्या सदस्याची पात्रता कोण ठरवणार, हे घटनेत स्वच्छ लिहिलं आहे. प्रत्येक सभागृह आपल्या सदस्यांच्या निवडीचा आणि पात्रतेचा निवाडा स्वतः करतं. हा अधिकार वापरलाही गेला आहे. १७९४ मध्ये सिनेटने, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अल्बर्ट गॅलटिन नऊ वर्षांची नागरिकत्वाची अट पुरी करत नाहीत म्हणून १४ विरुद्ध १२ मतांनी त्यांची निवड रद्द केली. ज्या घटनाकारांनी खासदारांसाठी निवाडा करणारा नेमून दिला, त्यांनी राष्ट्राध्यक्षासाठी मात्र तो नेमला नाही. सगळ्या गुंत्याचं मूळ इथे आहे.

अमेरिकेच्या भूमीबाहेर जन्मलेल्या, पण आई किंवा वडील अमेरिकन असलेल्या उमेदवारांबाबत हा गुंता जास्त जाणवतो. जॉन मॅकेन १९३६ मध्ये पनामा कालवा क्षेत्रातल्या नौदलाच्या तळावर जन्मले. २००८ मध्ये त्यांच्या पात्रतेवर प्रश्न आला, तेव्हा सिनेटने एकमताने ठराव केला की ते जन्मतः नागरिक आहेत. सहप्रस्तावकांत त्यांचे विरोधक बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटनही होते. हा दिलदारपणा मनाला भिडतो, पण त्या ठरावाला कायद्याचं बळ नव्हतं, ते फक्त सभागृहाचं मत होतं. टेड क्रूझ १९७० मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत जन्मले, आई अमेरिकन. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने त्यांना पात्र ठरवलं, न्यू जर्सीच्या प्रशासकीय न्यायाधीशांनीही तेच म्हटलं. पण 'जन्मतः नागरिक' म्हणजे नेमके कोण, यावर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या संदर्भात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आजवर निकाल दिलेला नाही. सुट्टीत नाशिकला आजोळी आलेल्या अमेरिकन नागरिक आईला इथेच बाळ झालं, तर ते बाळ मोठं होऊन निवडणुकीला उभं राहू शकेल का? बहुतेक जाणकार 'हो' म्हणतात. शिक्कामोर्तब मात्र झालेलं नाही.

ओबामांच्या बाबतीत तर शंकेला जागाच नव्हती. जन्म ४ ऑगस्ट १९६१, होनोलुलू. २००८ मध्येच जन्माचा दाखला प्रसिद्ध झाला. हवाईच्या आरोग्य संचालक चियोमे फुकिनो यांनी मूळ नोंद स्वतः पाहिल्याचं जाहीर केलं. त्यांची नेमणूक रिपब्लिकन गव्हर्नरने केलेली होती. तरीही ते अमेरिकेबाहेर जन्मल्याचा वाद धुमसत राहिला आणि २७ एप्रिल २०११ ला व्हाइट हाउसला जन्मनोंदीची पूर्ण प्रत प्रसिद्ध करावी लागली. वर्णद्वेषाने हा वाद पेटता ठेवला, यात मला शंका नाही. पण त्याला जळण पुरवलं ते या रिकाम्या जागेनेही. एखाद्या अधिकृत माणसाने २००७ सालीच दाखला हातात घेऊन 'तपासला, बरोबर आहे' अशी सही केली असती, तर संशय पेरणाऱ्यांचं निम्मं बोलणं तिथेच खुंटलं असतं. कमला हॅरिस ओकलंडला जन्मलेल्या आणि निकी हेली साउथ कॅरोलिनात. दोघींचा जन्म अमेरिकेच्या भूमीवरचा, तरी आई-वडील तेव्हा नागरिक नव्हते एवढ्यावरून त्यांच्या पात्रतेविषयीही कुजबुज झाली. स्थलांतरितांच्या लेकींवरच असा संशय पुन्हापुन्हा यावा, हे खटकतं.

न्यायालयांनी या खटल्यांचा निकाल का लावला नाही, असं कुणीही विचारेल. मॅकेन आणि ओबामा यांच्याविरुद्ध डझनावारी खटले झाले. बहुतेक पहिल्याच पायरीवर पडले. अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयात दाद मागायची तर तुमचं स्वतःचं, इतरांपेक्षा वेगळं नुकसान दाखवावं लागतं. 'अपात्र माणूस राष्ट्राध्यक्ष झाला तर देशाचं नुकसान' हे सगळ्यांचं सारखंच नुकसान, म्हणून एकट्या मतदाराला खटला चालवण्याचा हक्क नाही. मॅकेन यांच्याविरुद्धच्या एका खटल्यात कॅलिफोर्नियातले संघराज्य न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी म्हटलं, की आधी निवडणूक होऊ द्या, मग काँग्रेस बघेल. राज्यांच्या न्यायालयांत हा अडसर कमी आहे, कारण अनेक राज्यांचे कायदे मतदाराला हरकत घेऊ देतात. कोलोरॅडोत तेच घडलं.

२०२३ मध्ये कोलोरॅडोच्या सहा मतदारांनी, त्यांत राज्याच्या माजी रिपब्लिकन आमदार नॉर्मा अँडरसन होत्या, दावा केला की ६ जानेवारी २०२१ ला संसद भवनावर झालेला हल्ला हे बंड होतं, त्यात ट्रम्प यांचा भाग होता आणि म्हणून चौदाव्या दुरुस्तीनुसार ते अपात्र आहेत. जिल्हा न्यायाधीश सारा वॉलेस यांनी पाच दिवस साक्षी-पुरावे ऐकले. त्यांचा निष्कर्ष असा की ट्रम्प बंडात सामील होते, पण हे कलम राष्ट्राध्यक्षपदाला लागू होत नाही. १९ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की लागू होतं, नाव वगळा. गोर्सच यांचा २०१२ चा उतारा याच निकालात आला. नऊ दिवसांनी मेन राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट शेना बेलोज यांनी तोच निर्णय घेतला. इलिनॉयमध्ये निवडणूक मंडळात आठ सदस्य असतात, चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन. त्यांनी आठ विरुद्ध शून्य मतांनी ठरवलं की हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. मग तिथल्या एका न्यायाधीशांनी फेब्रुवारीच्या अखेरीस नाव काढण्याचा आदेश दिला.

४ मार्च २०२४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोचा निकाल रद्द केला. नऊही न्यायाधीश एका गोष्टीवर सहमत होते. बंडाचं कलम संघराज्याच्या पदांसाठी, विशेषतः राष्ट्राध्यक्षपदासाठी, राज्यांना राबवता येणार नाही. एका राज्यात पात्र आणि शेजारच्या राज्यात अपात्र असं चालणार नाही. पाच जणांनी पुढे जाऊन म्हटलं की त्यासाठी काँग्रेसने कायदा करायला हवा. उरलेल्या चौघांना, त्यांत ट्रम्प यांनी नेमलेल्या न्यायमूर्ती बॅरेटही होत्या, इतकं पुढे जाणं अनावश्यक वाटलं. ट्रम्प बंडात सामील होते की नाही, यावर न्यायालय बोललंच नाही.

या निकालाने राज्यांचे सगळे अधिकार गेले असा समज पसरला, तो चुकीचा आहे. निकाल बंडाच्या कलमापुरता आहे. वय आणि नागरिकत्वाच्या कारणावरून नाव वगळण्याचे हसन आणि लिंडसे यांच्याबाबतचे निकाल त्याने रद्द केलेले नाहीत.

आणि वेळ बघा. कोलोरॅडोची प्रायमरी ५ मार्चला होती. तिथे मतदान टपालाने होतं. निकाल आला तेव्हा मतपत्रिका घरोघरी जाऊन बरेच दिवस झाले होते, अनेकांनी मतं देऊनही टाकली होती. आपण दिलेलं मत मोजलं जाणार की नाही हे आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नसणं, हा मतदाराचा अपमान आहे. तो ट्रम्प यांना मत देणारा असो वा विरोधात देणारा.

राज्यांच्या पायरीवरून उमेदवार सुटला, निवडूनही आला, तर पुढे काय? डिसेंबरमध्ये इलेक्टर मत देतात आणि ६ जानेवारीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांसमोर ती मोजली जातात. इथे हरकत घेता येते. अपात्र ठरू शकणाऱ्या व्यक्तीला दिलेली मतं काँग्रेसने नाकारल्याचं एक जुनं उदाहरण आहे. १८७२ मध्ये युलिसिस ग्रँट यांच्याविरुद्ध लढून हरलेले होरेस ग्रीली निवडणुकीनंतर, इलेक्टरांनी मत देण्याआधी, २९ नोव्हेंबरला वारले. त्यांच्या बहुतेक इलेक्टरांनी दुसऱ्यांना मतं दिली, पण जॉर्जियातल्या तिघांनी दिवंगत ग्रीलींनाच दिली. ती तीन मतं काँग्रेसने मोजली नाहीत. ग्रँट आधीच भरघोस मतांनी जिंकले होते, म्हणून हा निर्णय निभावून गेला. जिंकलेल्या उमेदवाराची मतं अशी बाजूला ठेवायची वेळ आली तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. २०२२ च्या सुधारित कायद्याने हरकतीची पायरी उंच केली. पूर्वी एक सिनेटर आणि एक प्रतिनिधी पुरत, आता दोन्ही सभागृहांतल्या एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. हरकतीची कारणंही दोनच ठेवली आहेत. इलेक्टरची नेमणूक कायदेशीरपणे प्रमाणित नसणं, किंवा मत नियमानुसार दिलेलं नसणं. उमेदवाराची अपात्रता दुसऱ्या कारणात बसते की नाही, यावर कायद्याच्या पंडितांत एकमत नाही.

सर्वांत शेवटी १९३३ ची विसावी दुरुस्ती. निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष २० जानेवारीपर्यंत पात्र ठरू शकला नाही, तर तो पात्र ठरेपर्यंत उपराष्ट्राध्यक्ष काम पाहील, असं ती सांगते. पात्र ठरला नाही हे कुणी म्हणायचं, ते तिच्यातही नाही.

माझं स्पष्ट मत आहे की तपास पहिल्याच दारात झाला पाहिजे, शेवटच्या नाही. प्रायमरीच्या अर्जाबरोबर जन्मनोंदीची प्रमाणित प्रत घेणं, ती जाहीर ठेवणं, हरकतीला ठरावीक मुदत देणं, यात कुणावरही अन्याय नाही. पण कायदा कसा लिहिला जातो यावर सगळं आहे. ॲरिझोनाच्या विधिमंडळाने २०११ मध्ये असा कायदा मंजूर केला होता. जन्माचा मोठा दाखला नसेल तर पर्याय म्हणून जी कागदपत्रं चालणार होती, त्यांत बाप्तिस्म्याचा किंवा सुंतेचा दाखलासुद्धा होता. तो सगळा मसुदाच ओबामांवर रोख धरून बेतलेला होता. गव्हर्नर जॅन ब्रूअर, त्या स्वतः रिपब्लिकन, यांनी १८ एप्रिलला नकाराधिकार वापरून तो परत पाठवला. गव्हर्नर होण्याआधी त्या ॲरिझोनाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट होत्या, म्हणून त्यांच्या हरकतीला वजन आहे. एकाच व्यक्तीला मतपत्रिकेची राखणदार केलं तर मनमानी किंवा राजकीय हेतूने निर्णय होऊ शकतात, असं त्यांनी लिहिलं.

त्यांचं म्हणणं पटतं. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या एकट्या अधिकाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नये. इलिनॉयसारखं दोन्ही पक्षांचं समसमान मंडळ कागद तपासायला योग्य आहे, त्याला अधिकार मात्र स्पष्ट शब्दांत द्यायला हवा. नाहीतर ते पुन्हा 'आमचं काम नाही' म्हणेल. पक्षाचं शपथपत्र हवाईसारखं असावं. मंडळाच्या निर्णयावरचं अपील थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जावं आणि निकाल मतपत्रिका बाहेर पडण्याआधी लागावा. परदेशी असलेल्या मतदारांना आणि सैनिकांना मतदानाच्या ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवावी लागते, हा संघराज्याचा नियम आहे. तीच शेवटची तारीख धरावी. बंडाच्या कलमासाठी तर काँग्रेसनेच साक्षी-पुराव्याची रीत ठरवणारा कायदा केला पाहिजे, कारण सर्वोच्च न्यायालयाने चेंडू तिच्याकडे टाकला आहे. बाकीच्या गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही, राज्याच्या विधिमंडळाचा साधा कायदा पुरतो. २०२८ च्या प्रायमरीचे अर्ज २०२७ च्या अखेरीस येऊ लागतील. कायदा त्याच्या आत व्हायला हवा, कोणाकोणाचे अर्ज येणार हे कळायच्या आधी.